विमाधारकांचा पैसा देशातच राहू द्या: केंद्रीय अर्थमंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

1938 च्या विमा कायद्यात कलम 27ई आहे. ते एका वाक्याचं आहे: कोणत्याही विमा कंपनीने विमाधारकांचा पैसा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे भारताबाहेर गुंतवू नये. हे वाक्य आहे तसं राहावं, ते सैल होऊ नये आणि त्याला मागच्या दाराने वाट काढून दिली जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी कोल्हापुरात विमा एजंट आहे. माझ्याकडे पॉलिसी काढलेली माणसं शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डिंग करतात, मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलतात, गुजरीत सोन्याच्या पेढीवर कारागिरी करतात. कुणी गोकुळला दूध घालतं आणि दहा दिवसांच्या बिलातून हप्त्याचे पैसे बाजूला काढतं. शेअर बाजार, डॉलर, अमेरिकेचे रोखे यातलं त्यांना काही ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नसावी. त्यांनी कागदावर सही केली, ती वीस-पंचवीस वर्षांनी ठरलेली रक्कम हातात पडेल या भरवशावर. त्या भरवशाचं कायद्यातलं एक रूप म्हणजे हे कलम.

विषय आत्ताच काढण्याचं कारण आपल्याला माहीत आहे. विमा कंपन्यांत परदेशी भांडवलाची मर्यादा आधी 26 टक्के होती. 2015 ला ती 49 झाली, 2021 ला 74, आणि 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पी भाषणात आपण ती 100 टक्के करण्याची घोषणा केलीत. त्याच भाषणात आपण एक अटही घातलीत: ही वाढीव मर्यादा ज्या कंपन्या सगळा प्रीमियम भारतात गुंतवतील त्यांनाच मिळेल. ते वाक्य मी टीव्हीवर ऐकलं आणि मला खरोखर धीर आला. दुसऱ्या दिवशी यार्डातल्या एका हमालाने विचारलं, “काय ओ, आता कंपन्या गोऱ्या लोकांच्या हुणार म्हनं, मग आमचं पैसं तिकडं जाणार काय?” मी त्याला छातीठोकपणे ‘नाही’ म्हणून सांगितलं. माझं ते उत्तर खरं ठेवणं आता आपल्या हातात आहे.

कारण विमा कंपन्यांना परदेशी शेअर आणि रोख्यांत निदान थोडी मुभा द्या, असं म्हणणारी मंडळी आहेत आणि ती अडाणी नाहीत. त्यांचं म्हणणं मी नीट समजून घेतलं आहे. सगळा पैसा एकाच देशात ठेवणं धोक्याचं, असं ते म्हणतात. 2015 च्या सुमारास 65 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 85 च्याही पुढे गेला, तेव्हा बाहेर ठेवलेल्या पैशाला नुसत्या चलनाच्या फरकानेच फायदा झाला असता, असाही त्यांचा हिशेब आहे. आणि ते जपानचा दाखला देतात. तिथल्या आयुर्विमा कंपन्यांनी तेजीच्या काळात मोठ्या परताव्याची हमी दिली, मग देशातले व्याजदर तळाला गेले आणि 1997 ते 2001 या काळात एकामागून एक सात कंपन्या बुडाल्या. अनेक विमाधारकांना कबूल रकमेपेक्षा कमी घेऊन गप्प बसावं लागलं. हा दाखला खरा आहे.

पण जपानची अलीकडची गोष्ट सांगताना तिच्या आधीची कुणी सांगत नाही. याच जपानी कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेचे सरकारी रोखे भरभरून घेतले होते. सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवायचा करार केला आणि 240 येनच्या आसपासचा डॉलर दीड-दोन वर्षांत 150 च्या घरात आला. रोखे बुडाले नव्हते, अमेरिका व्याजही वेळच्या वेळी देत होती. तरी त्या कंपन्यांना जबर तोटा झाला, कारण विमाधारकांना द्यायचे होते येन आणि हातात होते डॉलर.

हे जुनं वाटत असेल तर तैवान बघा. तिथल्या आयुर्विमा कंपन्यांनी आपल्या गुंतवणुकीचा फार मोठा भाग अमेरिकी डॉलरच्या रोख्यांत ठेवला आहे आणि पॉलिसी विकल्या आहेत तैवानी डॉलरमध्ये. मे 2025 च्या सुरुवातीला दोनच दिवसांत तैवानी डॉलर असा उसळला की तशी उसळी तिथे कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती. त्या दोन दिवसांत सगळ्या आशियातल्या बाजारांचं लक्ष तैवानच्या विमा कंपन्यांकडे लागलं. चलनाच्या चढउतारापासून बचाव करणारे करार, ज्याला हेजिंग म्हणतात, ते करता येतात हे खरं. पण ते बहुतेक थोड्या मुदतीचे असतात, दर वेळी नव्याने करावे लागतात आणि दर वेळी त्याचा खर्च येतो. खर्च फार वाढला की कंपन्या बचाव कमी करतात. तैवानात तेच झालं होतं. पंचवीस वर्षांच्या वचनाला पुरेल असा करार कुणी सहजासहजी देत नाही.

रुपया नेहमी पडतच असतो, तो कधी वर जाणार, असं कुणी म्हणेल. 2007 साली तो गेला होता. 44 च्या आसपासचा डॉलर चाळिसाच्या खाली आला. इथल्या कास्टिंग निर्यात करणाऱ्यांना विचारा, इचलकरंजीतल्या कापडवाल्यांना विचारा. माल तोच, गिऱ्हाईक तेच, आणि हातात येणारे रुपये दर महिन्याला कमी. त्यांनी ते सोसलं, कारण धंद्यात जोखीम घ्यायची त्यांची तयारी होती. फौंड्रीतल्या मोल्डरने पॉलिसी घेताना अशी तयारी कुणाला दाखवलेली नाही.

2021 च्या पुरानंतरची एक गोष्ट इथे सांगतो. शाहूपुरीत कुंभार गल्लीतल्या एका बाईंनी माझ्यापुढे पॉलिसीचा भिजलेला कागद ठेवला. पेटी पाण्यात होती. कागद त्यांनी आधी दोरीवर वाळवला होता, मग जुन्या लुगड्यात घालून वरून इस्त्री फिरवली होती, त्यामुळे तो ठिकठिकाणी तपकिरी पडला होता. शिक्का पसरून निळा डाग झाला होता, अधिकाऱ्याची सही गेली होती. पण विम्याची रक्कम वाचता येत होती, आकड्यातही आणि अक्षरीही: रुपये दोन लाख फक्त. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “हे दिसतंय न्हवं? मग झालं.” डुप्लिकेट पॉलिसीसाठी मग स्टॅम्प पेपर, अर्ज, साक्षीदार असं सगळं करावं लागलं, पण त्या बाईंचा सगळा विमा त्या एका ओळीत होता. त्या ओळीत डॉलरचा भाव लिहिलेला नाही. देणं रुपयात आहे, तर देण्यामागे ठेवलेला पैसाही रुपयातच हवा. कलम 27ई चं खरं काम हे आहे.

आता सगळा पैसा एका देशात अडकतो या आक्षेपाकडे येतो. भारतातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर घेतले की जगाचा व्यवहार त्यात आपोआप येतो. टीसीएस आणि इन्फोसिस यांची कमाई मुख्यतः अमेरिका-युरोपातून येते. टाटा मोटर्सने 2008 साली जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. अशा कंपन्यांतून जगाच्या वाढीचा वाटा विमाधारकाला मिळतो, आणि तो भारतीय कायद्याखाली, भारतीय लेखापालांच्या नजरेखाली. शिवाय ज्याला स्वतःला जोखीम घ्यायची हौस आहे त्याला वाट मोकळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. म्युच्युअल फंडही परदेशात गुंतवतात, आणि तिथेसुद्धा सगळ्या फंडांना मिळून 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे. 2022 च्या सुरुवातीला ती भरत आली तेव्हा सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, नवी गुंतवणूक थांबवायला सांगितलं. जोखीम समजून घेणाऱ्यांच्या पैशाला जर मर्यादा आहे, तर हमीच्या पैशाला मनाई असण्यात काही चुकीचं नाही.

रकमेचा विचार करा. एकट्या एलआयसीची गुंतवणूक 50 लाख कोटी रुपयांच्या वर आहे. त्यातला 1 टक्का म्हणजे 50 हजार कोटी. ‘फक्त पाच टक्के द्या’ असं म्हणणं कानाला किरकोळ लागतं, पण ते अडीच लाख कोटी होतात. एवढे रुपये विकून डॉलर घ्यायला निघाल्यावर रुपयावर काय ताण येईल हे आपल्याला मी सांगायला नको. आणि सरकारचे रोखे घेणारा सर्वांत भरवशाचा गिऱ्हाईक तेवढ्याने मागे सरला, तर सरकारला कर्ज महाग पडणार, म्हणजे शेवटी भार पुन्हा याच माणसांवर.

एक गोष्ट मला फार टोचते. एलआयसीच्या पॉलिसीला 1956 च्या कायद्यातल्या कलम 37 प्रमाणे केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांच्या पॉलिसीला ती नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण मिळतं. आमच्या भागात सहकारी बँका जशा अडचणीत आल्या, तसं हे संरक्षण घरोघरी सगळ्यांना समजलं. विमा कंपनी बुडाली तर विमाधारकासाठी असा कोणताही निधी नाही. कंपनीने सॉल्व्हन्सी, म्हणजे देण्यांपेक्षा जास्तीची मालमत्ता, नियमाने ठरलेल्या किमान रकमेच्या दीडपट राखायची, सरकारी रोख्यांत ठरलेला भाग ठेवायचा आणि पैसा देशात ठेवायचा, एवढ्याच भिंती आहेत. त्यातली एक आपण पाडायची म्हटली तर त्या जागी काय उभं करणार हे आधी सांगितलं पाहिजे.

पुनर्विम्याची, म्हणजे विमा कंपनी स्वतःवरच्या जोखमीचा दुसऱ्या कंपनीकडे जो विमा काढते त्याची, गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती यात मिसळू नये. 2019 ला पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा महामार्ग कित्येक दिवस बंद होता, दुकानं, गाड्या, यंत्रं पाण्यात होती. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. अशा आपत्तीचा बोजा एकाच देशाच्या विमा कंपन्यांनी उचलावा असं कुणी म्हणणार नाही. त्यासाठी परदेशी पुनर्विमा कंपन्यांकडे प्रीमियम जातो, तो योग्यच आहे. जोखीम बाहेर वाटली जावी, बचत बाहेर जाऊ नये, असा हा फरक आहे. पण मालकच परदेशी असला आणि त्याचीच दुसरी शाखा पुनर्विमा देत असली, तर पुनर्विम्याच्या नावाखाली पैसा घरच्या घरात बाहेर नेता येतो. तिकडे आपण लक्ष ठेवलं पाहिजे.

पैसा देशात ठेवला म्हणजे आपोआप सुरक्षित झाला असं मात्र मी म्हणत नाही. हे मी तितक्याच कळकळीने सांगतो, कारण कलमाच्या आडून वेगळी सोय व्हायला नको. 19 जानेवारी 1956 ला आपले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यामागे एक मोठं कारण होतं: कंपन्यांचे मालक विमाधारकांचा पैसा स्वतःच्या धंद्यात फिरवत होते. 245 संस्था एकत्र करून एलआयसी उभी राहिली. आणि दोन वर्षांच्या आत उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर तिच्या गळ्यात पडले. फिरोज गांधींनी लोकसभेत विचारलं, न्यायमूर्ती छागलांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. 2018 ला आयएल अँड एफएस ही रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसा पुरवणारी कंपनी कोसळली तेव्हा तिच्यावर 90 हजार कोटींहून अधिक कर्ज होतं, तिची सर्वांत मोठी भागधारक एलआयसी होती, आणि कोसळण्याच्या थोडंच आधीपर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च मानांकन होतं. हा सगळा पैसा देशातच होता.

म्हणून माझी विनंती दुहेरी आहे. दार बंद ठेवा, आणि घरात पैसा कुठे ठेवला आहे तेही विमाधारकाला दिसू द्या. सरकारच्या गरजेला, एखाद्या आजारी बँकेला किंवा कुणा उद्योगपतीला हात देण्यासाठी हा पैसा हाताशी आहे असं कुणीही समजू नये, सरकारनेही नाही.

देशात लांब मुदतीची गुंतवणूकच मिळत नाही, ही तक्रारही आता टिकत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने पहिल्यांदा 50 वर्षांचे रोखे काढले आणि विमा कंपन्या हेच त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. आम्हा कोल्हापूरकरांना लांब मुदतीच्या पैशाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी धरण पैशाअभावी अर्ध्यात थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. मधल्या वर्षांत किती रानं कोरडी राहिली असतील. आज पूरनियंत्रणासाठी राज्याला जागतिक बँकेचं कर्ज घ्यावं लागतं. पुणे महापालिकेने 2017 साली पाणीयोजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, ते 7.59 टक्के व्याजाने विकले गेले. कोल्हापूरसारख्या मध्यम शहरांची पत आज तेवढी नाही हे मान्य. पण केंद्राने हमीची किंवा अनेक लहान महापालिका एकत्र करून रोखे काढण्याची नीट व्यवस्था लावली, तर विमाधारकाचा पैसा त्याच्याच शहराच्या नाल्यांना आणि पाइपलाइनला लागेल, आणि रुपयात व्याजासकट परत येईल. परदेशी रोखे घेण्याची परवानगी मागणाऱ्यांनी आधी या कामात डोकं घालावं असं मला वाटतं.

आता नेमकं काय हवं ते सांगतो.

कलमातल्या ‘अप्रत्यक्षपणे’ या शब्दात काय काय येतं, ते आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, नियमात उघड लिहावं. परदेशात गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या योजना, पर्यायी गुंतवणूक फंड, प्रवर्तकाच्या परदेशी कंपनीला भारतातल्या उपकंपनीमार्फत दिलेलं कर्ज, सगळं त्यात यावं. गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्राचं विशेष स्पष्ट व्हावं. ती गुजरातमध्ये आहे, पण परकीय चलनाच्या कायद्याच्या नजरेत तिथली वित्तसंस्था देशाबाहेरची धरली जाते. विमाधारकाच्या पैशापुरती ती बाहेरचीच धरावी.

शंभर टक्के परदेशी मालकीच्या कंपनीने सगळा प्रीमियम भारतात गुंतवला की नाही, याचा दाखला दरवर्षी लेखापरीक्षकाने सही करून द्यावा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर लावावा आणि चुकीचा निघाला तर परवान्यावर गदा यावी. मालकाच्याच गटातल्या परदेशी कंपनीकडे गेलेला पुनर्विम्याचा प्रीमियम वेगळ्या ओळीत दाखवावा.

विमाधारकाला दरवर्षी हप्त्याची जी पावती किंवा सूचना जाते, तिच्यावर त्याच्या भाषेत चार ओळी छापाव्यात: आपल्या फंडातले इतके टक्के सरकारी रोख्यांत, इतके कंपन्यांच्या शेअरमध्ये, इतके कर्जरोख्यांत, आणि या वर्षी इतकी रक्कम बुडीत धरली. आज हे आकडे कंपन्या जाहीर करतात, पण इंग्रजीत, पानामागून पानांच्या तक्त्यांत, आणि माझा एकही पॉलिसीधारक तिथवर पोचत नाही. खरं सांगायचं तर एजंटांपैकीही फार थोडे पोचतात.

आणि उद्या कलम 27ई ला हात लावायचा प्रस्ताव आलाच, तर तो एखाद्या मोठ्या दुरुस्ती विधेयकाच्या पोटात घालून आणू नये. मसुदा मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत निघावा आणि हरकतींसाठी किमान तीन महिने मिळावेत. हरकती ऐकायला समिती मुंबई-दिल्लीच्या हॉटेलात न बसता जिल्ह्याच्या गावी यावी. कोल्हापुरात ती आली तर मार्केट यार्डातली आणि उद्यमनगरातली माणसं मी घेऊन येईन. दुपारची जेवणाची सुट्टी धरून वेळ ठेवावी, म्हणजे त्यांचा खाडा पडणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक विमा प्रतिनिधी, कोल्हापूर